सिस्टर, तुम्ही विचारलंत म्हणून

प्रिय सिस्टर,

तुम्ही गुरुवारी घरी येऊन माझी शुश्रूषा करता, त्या सेवेबद्दल मत विचारणाऱ्या तुमच्या फॉर्मवर 'सेवा समाधानकारक' अशी चौकट आहे. तिच्यावर खूण करून माझं भागेना, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय.

ओव्हरीचा कॅन्सर पोटभर पसरलाय, आता केमोचा उपयोग नाही, हे मुलाला केबिनमध्ये बोलावून सांगितलं गेलं. मी बाहेर बाकावर. घरी मात्र सगळे 'अशक्तपणा आहे, लागशील हिंडायला' म्हणत होते. पोटातलं पाणी काढून आणलं, की थोड्याच दिवसांत पोट पुन्हा टम्म. जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या बाईला एवढा हिशेब कळत नसेल? विषय काढला की जाऊबाई म्हणायच्या, "अशुभ बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते." वास्तू इतकी ऐकत असती तर आमची गॅलरी गळायची कधीच थांबली असती.

तुम्ही पहिल्यांदा घरी आलात ते डॉक्टरांशी बोलूनच. बीपी घ्यायच्या आधी खुर्ची पलंगाजवळ ओढलीत आणि विचारलंत, "मावशी, आजाराबद्दल तुम्हाला काय सांगितलंय?"

"सगळ्यांना सांगितलंय, मला सोडून."

मुलगा 'चहा टाकतो' म्हणून उठला. "चहा नंतर. बसा दादा." मग मला, "तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?" सगळं, मी म्हटलं. आजार बरा होणार नाही, वेळ बहुधा महिन्यांत मोजायची, दुखणं मात्र आटोक्यात ठेवता येतं. तुम्ही सांगितलंत आणि गप्प बसलात. आम्हाला रडू दिलंत. त्या रात्री मायलेक कितीतरी दिवसांनी धड बोललो.

दुखणं थांबवणाऱ्या मॉर्फिनच्या नावाने घरात धसकाच बसला होता. तुम्ही कालनिर्णयच्या मागे वेळा लिहून दिल्यात: सकाळी सहा, दहा, दोन, सहा आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठायला नको. सोबत पोट साफ व्हायचं औषध, न चुकता. दुखायची वाट बघायची नाही, घड्याळ बघायचं.

लिव्हिंग विलचं, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवायचं, तुमच्याकडूनच कळलं. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये ते सोपं केलं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतो. मी व्हेंटिलेटर नको असं लिहिलंय. निर्णय घ्यायला नाव सुनेचं दिलंय. मुलगा आत्ता हो म्हणेल आणि आयसीयूच्या दाराशी विरघळेल.

एकदा तोंड उघडलं म्हटल्यावर बाकीचंही बोलून झालं. पितळेची भांडी कुणाला, तेराव्याला जेवणावळ नको, बँकेत नॉमिनी कोण. नेत्रदानाची माझी शंकाही तुम्हीच फेडलीत: कॅन्सर रक्ताचा नसेल तर डोळे सहसा घेतात, पण सहा तासांच्या आत. पंखा बंद करायचा, मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवायचा आणि नेत्रपेढीला लगेच फोन. नातीने ते सगळं फ्रिजवर चिकटवलंय. तिची आई आधी ओरडली, मग तिनेच नेत्रपेढीचा नंबर खाली लिहिला.

आणि हो, आमच्या मजल्यावर एक काका आहेत. त्यांच्याकडेही सध्या 'अशक्तपणा'च चाललाय. काकूंना तुमचा नंबर दिलाय. फोन आला तर बघा.

तुमची,
गुरुवारची मावशी