सांडपाण्याची परीक्षा माशाच्या अंड्यावर घ्या

महोदय,

आमच्या खाडीत बोय आणि काळुंदर मासे पोट वर करून तरंगताना मी गेल्या पावसाळ्यातही पाहिले. भोई बांधवांची जाळी रिकामी, आणि पाण्याचा अहवाल यायला कितीतरी आठवडे. त्यातही प्रत्येक रसायनाचा वेगळा आकडा. सगळी एकत्र आल्यावर जिवाचे काय होते, ते कुठे कळते?

झेब्रा माशाच्या अंड्यात ते डोळ्यांनी दिसते. गंगेच्या खोऱ्यातला हा बोटाच्या दोन पेरांएवढा मासा. अंडे काचेसारखे नितळ. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली हृदयाचे ठोके मोजता येतात. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांशी मिळतीजुळती जनुके त्याच्यात सापडतात, म्हणून औषधांच्या चाचण्यांतही तो असतो. या अंड्यांवरची ९६ तासांची विषारीपणाची चाचणी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक सहकार्य संघटनेने २०१३ मध्ये प्रमाणित केली आहे.

मासा गोड्या पाण्यातला, म्हणून खाडीतले खारे पाणी नको. कारखान्याचे सांडपाणी सोडण्याआधीच तपासा. रत्नागिरीत मत्स्य महाविद्यालय आहे. शासनाने तिथे निधी देऊन ही नियमित सोय करावी आणि निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत.

– एक वाचक, चिपळूण