ओंडका

प्रिय बंड्या,

दीड वर्षात एक ओळ नाही आणि आता एकदम चार पानं. शिव्या घालून घे, तुझा हक्क आहे. तब्येत ठीक. गुडघा अधूनमधून कुरकुरतो, बीपीची गोळी चालू आहे. झालं.

मी तळ्याला जाऊन आलो. हो, आपल्याच. धाकटी मागे लागली होती. तुला न सांगता गेलो यावरून नंतर भांडू, आधी वाटेतल्या ओढ्यावर आडव्या पडलेल्या ओंडक्याचं ऐक.

तो आहे अजून! तोच का दुसरा कुणी आणून टाकलाय, देव जाणे, पण जागा तीच. साल सगळी गेलेली, मधला हातभर भाग तुषारांनी कायम ओला आणि त्यावर हिरवट बुळबुळीत थर. सकाळी साडेआठला पोचलो. पाणी फार नव्हतं, गुडघाभर असेल. पण तुला आठवतंय ना, दुधाळ असतं ते. वर हिमनदी दगड दळते आणि त्याचं पीठ पाण्यात उतरतं. तळ दिसत नाही, म्हणून गुडघाभरसुद्धा अथांग वाटतं. धाकटीने सॅकचे छातीचे-कमरेचे पट्टे सोडले (मी शिकवलं तिला, मला तू शिकवलंस, पडलं तर सॅक झटकन टाकता यावी) आणि गच्चीत चालावं तशी पलीकडे गेली.

मी चार पावलं गेलो. पाचवं पडेना. मी डाव्या पायाला सांगतोय उचल, तो ऐकेना. पोटऱ्या थडथडायला लागल्या. मग मी खाली बसलो, दोन्हीकडे पाय सोडले आणि बुडावर सरकत सरकत पैलतीर गाठला.

हस. पोट धरून हस. तूही याच ओंडक्यावरून असाच सरकत गेला होतास, आणि तेव्हापासून वीस वर्षं तुला घसरगुंडी म्हणतोय मी. तुझ्या लग्नात माईकवरून सांगितलं होतं, आणि वहिनींच्या आजीला ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा एकदा, साभिनय. त्या दिवशी मी मागे उभा राहून शिट्ट्या मारत होतो आणि तू एकदाही वळून पाहिलं नाहीस. मला वाटलं, रागावलास. मान वळवताच येत नाही रे तिथे!

तुझ्या त्या नेइस्मिथचा हिशेबही करून पाहिला. १८९२ सालचा तो स्कॉटिश गृहस्थ, डोंगरात चालायला किती वेळ लागेल त्याचा त्याचा नियम: ५ किलोमीटरला एक तास आणि ६०० मीटर चढाला आणखी एक. आपलं तळं ९ किलोमीटर, चढ साधारण ६०० मीटर, म्हणजे पावणेतीन तास. आम्हाला लागले साडेचार. तू म्हणायचास नियम बरोबर आहे, माणसं चुकतात, आणि त्यावरून आपण एका तंबूत पाठीला पाठ लावून झोपलो होतो. पण त्याने न थांबता चालणाऱ्याचा हिशेब मांडलाय, ओंडक्यावर बैठक मारणाऱ्याचा नाही. तेव्हाही मी हेच म्हणत होतो, ओंडका सोडून.

शेवटचा तो दगडमातीचा बांध चढलो आणि समोर तळं. वाऱ्याचं नाव नाही. धाकटीने पाण्यात पाय सोडले आणि मोठ्याने आकडे मोजायला लागली. एकवीसला ओरडून बाहेर काढले. आणि मी काय करत होतो? घड्याळ बघत होतो. ऊन चढलं की वरचं बर्फ वितळणार, दुपारनंतर ओढा फुगणार, आणि परतीला पुन्हा तो ओंडका. डोक्यात दुसरं काही नाही. चाळीस फोटो काढलेत तिने. ज्या ज्या फोटोत मी आहे, त्यात माझं तोंड वाटेकडे.

वीस मिनिटांत म्हणालो, ढग येतायत, निघू. आभाळ लख्ख होतं. तिने वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता बूट चढवले.

ओढ्यावर आलो तेव्हा सकाळी ती ज्या दगडावर उभी होती तो पाण्याखाली गेला होता. मी पट्टे सोडत होतो तोवर ही बया ओंडक्यावर बसली आणि बुडावर सरकत पलीकडे गेली. सकाळी चालत गेलेली पोरगी! वर म्हणते, "बाबा, असं जास्त मजेशीर आहे." तिची पँट मागून हिरवी, माझीही हिरवी. घरी आल्यावर तिने आईला तळ्याचं सगळं सांगितलं, अगदी त्या एकवीस आकड्यांसकट. ओंडक्याचं अवाक्षर नाही.

हेच खुपतंय बघ. भीती वाटली त्याचं नाही एवढं, वय झालं म्हण, चष्म्याचा नंबर म्हण. (नवे बूट म्हणायचा मोह होतोय, पण बूट उत्तम आहेत.) पण तिने मला सांभाळून घेतलं. बापाला. तू असतास तर गावभर ऐकू जातील अशा शिट्ट्या मारल्या असत्यास आणि मला बरं वाटलं असतं. तुला तेव्हा बरं वाटलं होतं का रे? कधी विचारलं नाही मी.

तुझ्या बदलीचं काय ठरलं? मावशींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असं वहिनींकडून कळलं. चिरंजीवांचा निकाल लागला असेल, चांगला असेल तर कळव, नसेल तर आधी कळव.

आणखी एक. ओंडक्यापासून शे-दोनशे पावलं वर ओढा चांगला पसरतो, तीन धारा होतात. येताना पाहून ठेवलं. भल्या सकाळी तिथे घोट्याच्या वर पाणी नसणार. काठी टेकत, प्रवाहाकडे तोंड करून तिरकं जायचं, बूट घालूनच. पुढच्या वेळी तिकडून जाऊ. धाकटीला ओंडक्यावरून जाऊ दे.

तुझाच,
घसरगुंडी क्रमांक दोन