भरतीची वेळ छापता, ओहोटीची पण छापा

संपादक साहेब, नमस्कार.

पावसाळा आला की तुमच्या पहिल्या पानावर चौकट येतेच, "आज दुपारी 4.8 मीटरच्या लाटा उसळणार". तो आकडा लाटांचा नसतो हो, भरतीच्या पाण्याच्या पातळीचा असतो, लाट त्याच्यावर वेगळी. पण ते जाऊ दे, माझी तक्रार दुसरीच आहे, त्या चौकटीत ओहोटीची वेळ कधीच नसते.

मागच्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मित्राच्या मामांच्या बोटीतून भाईंदरहून वसई खाडीतून बाहेर निघालो होतो. ओहोटी लागलेली, पाणी बशीतल्यासारखं सपाट, बोट आपोआप पळतेय, मी मजेत फोटो काढतोय. खाडीचं तोंड जवळ आलं तसा मामांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि इंजिन कमी केलं. समोर पांढरा पट्टा दिसत होता, समुद्रातून येणाऱ्या लाटा तिथे येऊन भिंतीसारख्या उभ्या राहत होत्या आणि जागच्या जागी फुटत होत्या, आणि इतक्या जवळजवळ की बोटीचं नाक एकीतून वर यायच्या आत दुसरी अंगावर आली असती. "सुकती (म्हणजे ओहोटी) बाहेर ओढतेय आणि लाट आत घुसतेय, आत्ता नको," एवढंच बोलून त्यांनी बोट वळवली. दोन-अडीच तासांनी ओहोटीचा जोर उतरल्यावर त्याच जागी साध्या लाटा, आरामात बाहेर पडलो.

घरी येऊन जरा वाचलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. सकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावर समोरून गर्दी आली की आपली रांग कशी दाटते, समोरून प्रवाह आला की लाटांचं अगदी तसंच होतं, मिनिटाला येणाऱ्या लाटा तेवढ्याच पण दोघींमधलं अंतर कमी होतं, उंची वाढते, आणि उंची लांबीच्या, म्हणजे दोन लाटांमधल्या अंतराच्या, सातव्या हिश्श्याच्या आसपास गेली की लाट फुटते. खोल पाण्याच्या हिशोबात 4 सेकंदांची, म्हणजे दर 4 सेकंदांनी येणारी, लाट सेकंदाला सव्वासहा मीटर धावते आणि समोरचा प्रवाह तिच्या वेगाच्या चौथ्या हिश्श्याएवढा झाला, म्हणजे सेकंदाला दीड मीटरच्या वर, तीनेक नॉट, की ती पुढे जाऊच शकत नाही. तोपर्यंत तिची 25 मीटरची लांबी आक्रसून सहा-सव्वासहावर आलेली असते. पावसाळी समुद्राच्या 8-10 सेकंदांच्या मोठ्या लाटा एवढ्याने अडत नाहीत पण आखूड आणि उंच होतातच. दक्षिण आफ्रिकेजवळ अगुल्हास प्रवाहात मोठमोठ्या जहाजांना हाच त्रास होतो.

आणि पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे भरती जेवढी मोठी तेवढीच ओहोटी जोराची, वर उल्हास नदीचं पावसाचं पाणी त्यात. मासेमारीबंदी 31 जुलैला संपते, बोटी बाहेर पडतात त्या याच दिवसांत. जुन्या नाखवांना सगळं तोंडपाठ असतं, आमच्यासारख्या हौशी लोकांना नसतं, आम्ही तुमची चौकट वाचून "भरती ओसरली, चला" म्हणतो. म्हणून एक ओळ वाढवा, ओहोटी किती ते किती आणि मधले दोन तास खाडीच्या तोंडाशी जाऊ नका. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, नाही छापलीत तरी चालेल.

एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे