मागितला मॅग्वायर ५, पाठवला ब्रुनो ८

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी, ग्राहक सेवा विभाग

विषय : जर्सीवर न विचारता दुसऱ्याच खेळाडूचं नाव छापल्याबद्दल तक्रार

तारीख : ३ नोव्हेंबर २०२५, कोल्हापूर

नमस्कार,

तुमच्या साइटवरनं मी मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबची लाल होम जर्सी मागवली होती, मागं त्यांच्या डिफेंडरचं नाव मॅग्वायर आणि नंबर ५ असं छापून. टीममधल्या कुठल्याही खेळाडूचं नाव छापून मिळेल असं साइटवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, छपाईचे वेगळे पैसे तुम्ही घेतलेत, ऑर्डर कन्फर्म झाल्याचा मेल पण आलाय आणि त्यात मॅग्वायर ५ असंच आहे. पार्सल उघडलं तर मागं ब्रुनो फर्नांडिस ८.

चूक झाली असेल, पोरांकडनं गडबडीत होतं, असं समजून मी फोन केला. तर तुमचा माणूस म्हणतो चूक नाही सर, आम्हीच बदललंय. का, तर तो खेळाडू आता बॅकअप आहे, जून २०२६ ला त्याचा करार संपतोय, कधी क्लब सोडेल सांगता येत नाही म्हणून त्याची अक्षरं आम्ही ठेवत नाही, तुम्हाला जास्त चालणारं नाव दिलंय, अपग्रेड समजा. आणि वर परत घेणार नाही म्हणे, कारण नाव छापलेली जर्सी परत घेत नाहीत! अहो पण ते नाव मी सांगितलेलं आहे का?

अक्षरं नव्हती तर एक फोन करायचा होता. पैसे परत द्यायचे होते, मी दुसरीकडं बघितलं असतं, रागवलो पण नसतो. पण या खेळाडूला ठेवायचं की नाही हे तुम्ही माझ्या वतीनं ठरवून टाकलंत, आणि मला खरा राग त्याचा आलाय, म्हणून पत्र लांबणार आहे, कृपया शेवटपर्यंत वाचा.

आमच्या ग्रुपमधे हा वाद जुना आहे. आम्ही सगळे पेठेतले, शाहू स्टेडियमवर तालमींच्या मॅच बघत मोठे झालेलो आणि रात्री युनायटेडसाठी जागणारे. मॅग्वायर ठेवायचा की विकायचा यावर आमच्यात अबोले झालेत, लोक ग्रुप सोडून गेलेत आणि परत आलेत. विकायचा म्हणणारे काही येडे नाहीत, त्यांच्याकडं मुद्दे आहेत आणि ते मी इथं लिहितो, म्हणजे एकतर्फी बोलतोय असं वाटायला नको. २०१९ ला लेस्टरकडनं आठ कोटी पौंडाला आणलेला, तेव्हाचा जगातला सगळ्यात महागडा डिफेंडर, आणि ऑक्टोबर २०२० मधे टॉटनमनं आपल्याच मैदानावर ६-१ मारला तेव्हा पहिल्या गोलला यानं आपल्याच ल्यूक शॉला ओढून पाडलेला. एप्रिल २०२३ ला स्पेनमधल्या सेव्हियात आपला गोली दे हेआनं अंगावर माणसं असताना पास दिला आणि याच्याकडनं बॉल गेला, आठव्या मिनिटाला गोल, ३-० नं हरून युरोपा लीगमधनं बाहेर. त्याच वर्षी सप्टेंबरात इंग्लंडकडनं बदली म्हणून उतरला आणि स्कॉटलंडविरुद्ध स्वतःच्याच गोलात बॉल मारला. वळायला वेळ लागतो, मागं मोकळं मैदान असलं आणि समोर पळणारा फॉरवर्ड असला की आमची पण छाती धडधडते. भरवसा ठेवावा असा माणूस नाही हे त्यांचं म्हणणं आलंय ते यातनंच.

पण मग पुढचं पण बघा की. जुलै २०२३ ला तेव्हाच्या कोच टेन हागनं त्याच्याकडनं कॅप्टनशिप काढून घेतली. वेस्ट हॅमबरोबर तीन कोटी पौंडाला सौदा ठरत आलेला, तो फिसकटला आणि हा राहिला. सगळं जग हसत होतं, घानाच्या संसदेत एका खासदारानं आदल्या वर्षी आपल्या उपराष्ट्राध्यक्षांची तुलना मॅग्वायरशी केलेली, इतकं ते लांब गेलेलं. हा गप बेंचवर बसला. मग ऑक्टोबरात क्लबचे जुने दिग्गज सर बॉबी चार्ल्टन वारले आणि तीन दिवसांनी ओल्ड ट्रॅफर्डवर, म्हणजे आपल्याच मैदानावर, कोपनहेगनची मॅच, सगळं स्टेडियम जड झालेलं, एकच गोल झाला आणि तो यानं हेड मारून केला. नोव्हेंबरमधे युनायटेडनं प्रीमियर लीगमधे एकही गोल खाल्ला नाही आणि प्लेअर ऑफ द मंथ हा झाला. घानाच्या त्या खासदारानं त्याच संसदेत उभं राहून माफी मागितली. परक्या देशातला राजकारणी शब्द मागं घेतो आणि तुम्ही, याच क्लबची जर्सी विकून पैसे कमावणारे, त्याच्या नावाची अक्षरं ठेवत नाही.

यंदाच्या एप्रिलची फ्रान्सच्या लिऑनबरोबरची मॅच तर मी मेलो तरी विसरणार नाही. २-० नं पुढं असलेली मॅच २-२ झाली, जादा वेळेत समोरच्यांची दहा माणसं असताना आपण ४-२ नं मागं, घरातले सगळे झोपलेले, आमच्यातल्या निम्म्यांनी टीव्ही बंद केलेला. कोच आमोरिमनं मॅग्वायरला फॉरवर्डला पाठवलं. ब्रुनोची पेनल्टी, मग मेनू या पोराचा गोल, मग १२१ व्या मिनिटाला कासेमिरोचा क्रॉस आणि मॅग्वायरचं हेड, ५-४. आणि आत्ता १९ ऑक्टोबरला लिव्हरपूलच्या मैदानावर, ॲनफिल्डवर, ८४ व्या मिनिटाला ब्रुनोचा क्रॉस, परत याचंच हेड, २-१. जानेवारी २०१६ नंतर पहिल्यांदा आपण तिथं लीगची मॅच जिंकलो. विका विका म्हणणारे सगळ्यात आधी गल्लीत नाचायला आले, त्यांनीच वर्गणी काढली, त्यातनं ही जर्सी मागवलीय. तुम्हाला ती एक ऑर्डर दिसली असेल, आमच्यासाठी तो इतक्या वर्षांच्या भांडणाचा निकाल होता.

ती कुणासाठी मागवली ते पण सांगतो. आमच्यातला एकजण पेठेच्या टीमचा बदली स्टॉपर, म्हणजे मधला डिफेंडर, आहे, आणि सगळे मॅग्वायरला शिव्या घालत होते तेव्हा हा एकटा म्हणायचा थांबा. त्याचं म्हणणं असं, की बदली फॉरवर्ड उतरतो तेव्हा त्याच्याकडं फुकटचा चान्स असतो, गोल झाला तर हिरो, नाही झाला तरी कोण काय म्हणत नाही. बदली स्टॉपर थंड अंगानं उतरतो, शेजारचा बॅक कुठं पळतो, गोली पुढं येतो का मागं राहतो हे त्याला महिनाभर सवयीचं नसतं, आणि पहिल्याच बॉलला चुकला तर गोल. म्हणून बॅकअप डिफेंडर जेवढे वाईट दिसतात तेवढे ते नसतात. हे मला आधी पटत नव्हतं, आता पटतंय. शिवाय माणसाला कुठं उभं करता यावर पण खूप आहे. आमोरिम तीन स्टॉपर लावतो, मॅग्वायर त्यात मधे असला की दोन्ही बाजूला झाकायला माणूस असतो, त्याला लांब पळत जायची वेळ कमी येते, आणि समोरनं येणारा उंच बॉल तो शंभरातनं नव्वद वेळा खाणारच. दोनच स्टॉपर ठेवून डिफेन्सची लाइन अर्ध्या मैदानापर्यंत वर नेली तर तो उघडा पडतो. यात माणसाइतकाच सिस्टिमचा पण दोष आहे. बाकीच्या स्टॉपरमधे द लिख्ट आहे, योरो आहे, मार्टिनेझ गुडघ्याच्या दुखापतीनं फेब्रुवारीपासनं बाहेर आहे, अशा वेळी ३२ वर्षांचा, ड्रेसिंगरूम माहीत असलेला, बेंचवर बसून तोंड वाकडं न करणारा डिफेंडर विकून तुम्ही आणणार कोण? माझं मत सांगतो, रोज खेळवू नका पण एक वर्षाचा करार वाढवा. ग्रुपमधे अजून चारपाच जणांना हे मान्य नाही, असू दे, ते आमचं आम्ही बघू.

आणि छापलंत कोणाचं, तर ब्रुनोचं. ब्रुनोवर आमचा जीव आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मॅग्वायरच्या दंडावरचा कॅप्टनचा पट्टा काढून दिला तो ब्रुनोलाच, आणि आता जर्सीवरचं नाव पण काढून त्यालाच. ज्याच्यासाठी मागवली त्यानं ती घडी करून परत पिशवीत घातली आणि काही बोलला नाही. तुमच्या माणसाला हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, सर ब्रुनोची जास्त खपते.

आता कामाचं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि त्याखालचे २०२० चे ई-कॉमर्सचे नियम मी वाचलेत. सांगितल्याप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला तुम्ही नाही म्हणू शकत नाही. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासात द्यायची आहे आणि एका महिन्यात निकाल लावायचा आहे. नाही झालं तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखापर्यंतच्या मालाच्या तक्रारीला तिथं फी पण लागत नाही, तेव्हा एका जर्सीसाठी कोण जाणार असं समजू नका.

मला मॅग्वायर ५ छापलेली त्याच साइजची जर्सी पाहिजे, छपाई सरळ आणि नीट. देता येत नसेल तर जर्सीचे, छपाईचे आणि कुरियरचे सगळे पैसे परत खात्यावर, कूपन किंवा पॉइंट नकोत. आणि कुठल्याही खेळाडूचं नाव मिळेल हे वाक्य साइटवरनं काढा, नाहीतर बेंचवरच्यांची पण अक्षरं मागवून ठेवा.

ऑर्डर नंबर, कन्फर्मेशनचा मेल आणि पाठीमागचा फोटो सोबत जोडलाय. पार्सल तसंच पॅक करून ठेवलंय, टॅग काढलेला नाही. न्यायला माणूस पाठवायचा असेल तर संध्याकाळी सहानंतर पाठवा आणि आधी फोन करा, दिवसा घरी फक्त आई असते.

आपला,
एक ग्राहक, कोल्हापूर