एका ‘तरीही’बद्दल आभार

मुरूड, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

आपल्या ग्रंथालयातील लांब टेबलाशी बसून आपण माझ्याकडून एक लेख चार वेळा लिहून घेतलात, त्याबद्दल हे आभार. ते खासगी पत्रातून न मानता उघडपणे मानतो आहे, कारण आपल्या गावच्या मोठ्या माणसाविषयी लिहायला बसून निव्वळ प्रेमापोटी लेख बिघडवणारा मी एकटाच नसणार. आपले नाव छापू नये ही आपली अट मी पाळली आहे.

मराठी विकिपीडियावरील धोंडो केशव कर्वे यांच्या लेखात मी पहिल्यांदा भर घातली ती अशी, की शाळेत पुण्यतिथीला केलेले भाषणच जणू तिथे उतरवले. ‘कोकणचे थोर सुपुत्र’, ‘ऋषितुल्य व्यक्तिमत्त्व’, ‘अबलांचे कैवारी’ आणि शेवटी ‘देवाघरी गेले’. दोनच दिवसांत कुणा संपादकाने ती सगळी भर उलटवली आणि कारण म्हणून ‘संदर्भ नाही, भाषा गौरवपर’ एवढेच लिहिले. मी रागारागाने छापील प्रत घेऊन आपल्याकडे आलो, आणि आपण बाजू घ्याल अशी माझी खात्री होती. आपण शिसपेन्सिल काढलीत, प्रत्येक विशेषणाखाली पुसट रेघ ओढलीत आणि विचारलेत, “हे कोण म्हणते?” मी म्हणालो, सगळेच म्हणतात. “मग त्यातल्या एकाचे पान दाखवा.”

पहिला धक्का जन्मस्थळाचा होता. आम्हा मुरूडकरांच्या दृष्टीने अण्णा, म्हणजे कर्वे, मुरूडचेच, त्यामुळे जन्मही मी मुरूडलाच लावून टाकला होता. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी खेड तालुक्यातील शेरवली येथे, आजोळी झाला आणि मुरूड हे त्यांचे मूळ गाव, हे दोन वेगळे तपशील आहेत हे आपण समजावलेत. शिवाय नुसते ‘मुरूड’ लिहिले तर निम्मे वाचक रायगड जिल्ह्यातील जंजिऱ्याच्या मुरूडला जाऊन पोहोचतील, म्हणून तालुका आणि जिल्हा लिहायला लावलात. (आमच्याकडे येणारे पाहुणेही हीच चूक करतात आणि मग रात्री उशिरा फोन करतात.)

साताऱ्याच्या पायपिटीचा परिच्छेद माझा सर्वांत लाडका होता. परीक्षेला बसण्यासाठी हा मुलगा मुरूडहून साताऱ्यापर्यंत सुमारे ११० मैल भर पावसात चालत गेला आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसू दिले नाही, ही हकीकत आधाराला धरून होती. मात्र मी त्याला अनवाणी केले होते, हातात कंदील दिला होता आणि ‘डोळ्यांतील अश्रू पावसात मिसळले’ असेही लिहिले होते. कंदील कुठून आला, असे आपण विचारलेत तेव्हा तो माझ्या वक्तृत्व स्पर्धेतून आला होता, हे मला कबूल करावे लागले. कंदील आणि अश्रू गेल्यावर परिच्छेद तीन ओळींचा उरला. तो मोठ्याने वाचून पाहा, असे आपण म्हणालात. वाचला, आणि घसा आधीपेक्षा जास्त दाटला.

कोणता संदर्भ कशासाठी चालतो, हे मला कुणी इतक्या धीराने सांगितले नव्हते. माणसाचे आत्मचरित्र त्याच्या बालपणाच्या तपशिलासाठी जरूर वापरावे, पण त्याच्या कार्याचे मोल ठरवण्यासाठी नव्हे. त्यासाठी त्याच्याशी लागाबांधा नसलेल्या अभ्यासकाचा ग्रंथ किंवा मराठी विश्वकोशासारखा संपादित कोश हवा. गौरवग्रंथात तारखा मिळतील, तटस्थता मिळेलच असे नाही. आणि पृष्ठ क्रमांक दिला तर आवृत्तीही द्यावी, नाहीतर पुढचा वाचक भलत्याच पानावर शोधत बसेल. आमच्या घरातील कर्व्यांच्या ‘आत्मवृत्ता’ची, म्हणजे आत्मचरित्राची, प्रत २०२० च्या निसर्ग वादळात भिजून लगदा झाली होती, त्यामुळे आपण नियम थोडा वाकवून संदर्भ विभागातील प्रत मला घरी नेऊ दिलीत, हेही इथे नोंदवतो.

खरा प्रश्न बहिष्काराचा होता. १८९३ साली कर्व्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या एका विधवेशी, पुनर्विवाह केला आणि मुरूडच्या मंडळींनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. माझ्या पहिल्या मसुद्यात हे नव्हतेच. दुसऱ्यात, आपण टोकल्यावर, ‘गावात काहीसे गैरसमज निर्माण झाले’ असे वाक्य आले. बहिष्कार घालणाऱ्यांत आमच्याही घरचे कुणी असेल, ही भीती त्या ‘काहीसे’मध्ये दडलेली होती आणि ती आपण ओळखलीत. तिसऱ्या मसुद्यात मी दुसऱ्या टोकाला गेलो: ‘ज्या गावासाठी त्यांनी मुरूड फंड उभारला, त्या कृतघ्न गावाने तरीही त्यांना वाळीत टाकले.’ ‘कृतघ्न’ जाणार हे मला ठाऊक होते. आपली पेन्सिल मात्र ‘तरीही’वर थांबली. फंड उभारला हे एका पानावर आहे आणि बहिष्कार टाकला हे दुसऱ्या पानावर, पण त्या दोहोंना जोडणारा ‘तरीही’ कोणत्याही पानावर नाही, तो तुमचा आहे, असे आपण म्हणालात. त्यानंतर ‘मात्र’, ‘दुर्दैवाने’, ‘केवळ’, ‘अखेर’ असे शब्द लेखभर शोधत मी एक अख्खी दुपार घालवली. विशेषणे चटकन दिसतात. निवाडा देणारी ही अव्यये मुंग्यांसारखी कुठूनही आत शिरतात. आता लेखात फंडाचे वाक्य त्याच्या जागी आहे, बहिष्काराचे त्याच्या, आणि दोन्हींना आधार आहे.

‘महर्षी’वरून आपला वाद झाला तो मी अजून पुरता सोडलेला नाही. ‘ते’, ‘त्यांनी’ हे आदरार्थी बहुवचन मराठीची रीत आहे, तो गौरव नव्हे. पण ‘महर्षी’ ही लोकांनी दिलेली उपाधी, ती एकदा तशी सांगावी आणि पुढे नुसते ‘कर्वे’ लिहावे, हे मला बुद्धीने पटले, जिभेला अजून पटत नाही. बाकी १८९६ ची अनाथ बालिकाश्रम संस्था, १९१६ चे महिला विद्यापीठ, विठ्ठलदास ठाकरसींची १५ लाखांची देणगी आणि १९५८ ची भारतरत्न या नोंदींना विशेषण लागलेच नाही. निधनाचे वाक्य ‘९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुणे येथे निधन झाले’ एवढेच आहे.

चौथा मसुदा चढवून तीन महिने झाले, तो अजून कुणी उलटवलेला नाही. एका वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण आहे. ती दुसऱ्या कुणी लावलेली नाही, मीच लावली आहे. येत्या गुरुवारच्या सकाळच्या एस.टी.ने दापोलीला येतो, आपली प्रत परत करतो आणि त्या वाक्यासाठी आपल्याकडचे कपाट पुन्हा एकदा उघडावे अशी विनंती करतो. त्यांचे चिरंजीव रघुनाथराव कर्वे यांच्यावरील लेखाचा मसुदाही सोबत आणीन. पेन्सिलीला टोक करून ठेवावे.

आपला कृतज्ञ,
एक मुरूडकर