बटर पेपरवरच्या पेन्सिलरेषांबद्दल

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

माझा प्रबंध गेल्या आठवड्यात सादर झाला. त्यातल्या ऋणनिर्देशात आपल्या वाट्याला जेमतेम दीड ओळ आली, कारण तिथली जागाही ठरलेली असते आणि भाषाही. म्हणून हे उघड पत्र.

मीन राशीतली एम ७४ ही सर्पिल दीर्घिका आपल्यापासून सुमारे ३.२ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. तिची तबकडी जवळजवळ समोरून दिसत असल्याने वायू कुठे आहे आणि तारे कुठे जन्मत आहेत, हे एकमेकांशी ताडून पाहता येते. पुण्याजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांनी टिपलेल्या, हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या संकेतांवरून मी तिचा नकाशा केला, तेव्हा वायू ताऱ्यांच्या तबकडीबाहेर कितीतरी दूरवर पसरलेला दिसला; मात्र जिथे भुजा सर्वांत तेजस्वी आहेत, त्या मधल्या भागात तो विरळ निघाला. ज्या वायूतून तारे घडतात तोच ताऱ्यांच्या जन्मस्थानी कमी, हे माझे मलाच पटेना.

आपल्याकडे येण्यापूर्वी मी हा नकाशा दोन ठिकाणी नेला होता. एका ज्येष्ठ अभ्यासकांनी मोबाइलवरून नजर न उचलता ‘डेटा खराब आहे, टाकून द्या’ असे सांगितले. दुसऱ्यांनी तीन महिने ईमेलला उत्तरच दिले नाही. पहिल्यांची शंका निराधार नव्हती, हे मान्य करते. जवळजवळच्या अँटेनांच्या जोड्या अपुऱ्या पडल्या, तर पसरट वायू निसटतो आणि प्रत्यक्षात नसलेले खड्डे नकाशात उमटतात. पण ते पडताळण्यासाठी नकाशा निदान पाहावा तरी लागतो.

आपण तो पाहिलात. कँटीनच्या टेबलावर पोह्यांची बशी बाजूला सारून आपण माझ्या प्रिंटआउटवर बटर पेपर ठेवलात आणि हायड्रोजनच्या कंटूररेषा, म्हणजे सारख्या तीव्रतेच्या जागा जोडणाऱ्या रेषा, पेन्सिलने एकेक करून गिरवल्यात. मग चिलीतल्या अल्मा दुर्बिणीच्या कार्बन मोनॉक्साइडच्या नकाशाची, त्याच प्रमाणात छापलेली प्रत त्याखाली सरकवलीत. माझ्या नकाशातली पोकळी भरून निघाली. दाट भागात प्रति वर्ग पार्सेक (एक पार्सेक म्हणजे सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षे) साधारण १० सूर्यवस्तुमानांच्या पुढे अणुरूप, म्हणजे सुट्या अणूंचा, हायड्रोजन फारसा साठत नाही, उरलेल्याचे अणू जोडीने बांधले जाऊन तो रेणुरूप होतो, आणि तो थंड रेणू २१ सेंटिमीटरवर दिसतच नसल्याने त्याचा माग सोबतच्या कार्बन मोनॉक्साइडच्या २.६ मिलिमीटरच्या लहरींवरून काढावा लागतो, हे मी पुस्तकात कितीदा तरी वाचले होते. नवजात ताऱ्यांच्या तापलेल्या वायूचे लालसर ठिपके त्या रेणूंच्या पट्ट्यांना लगटून बसलेले दिसले, तेव्हा ते मला पहिल्यांदा कळले.

पण माझ्या मनात घर करून राहिली ती त्यानंतरची गोष्ट. कागदाची घडी घालण्यापूर्वी आपण कोपऱ्यात तारीख टाकलीत आणि तिच्याखाली माझे नाव लिहिलेत. रेषा सगळ्या आपल्या हातच्या होत्या. मी तसे म्हणाले, तेव्हा आपण ‘नकाशा तुमचा आहे, मी फक्त गिरवला’ एवढेच बोलून थंड झालेले पोहे पुन्हा पुढे ओढलेत. त्या वर्षभरात माझ्या कामाला कोणी ‘तुमचे’ म्हटल्याचे मला आठवत नाही.

आपल्या क्षेत्रात हुशार माणसांना तोटा नाही. समोरच्याची शंका खुळचट की खरी, हे ठरवण्याआधी ती शेवटपर्यंत ऐकून घेणारी माणसे मला मोजकीच भेटली, आणि गंमत म्हणजे कामाचा सर्वांत मोठा रगाडा त्यांच्याच मागे असतो.

तो बटर पेपर आता प्रबंधाच्या माझ्या प्रतीत ठेवला आहे. घडीवरच्या रेषा थोड्या पुसट झाल्या आहेत. आपली पेन्सिल मात्र त्या दिवशी चुकून माझ्याच दप्तरात आली. पुढच्या निरीक्षणासाठी येईन तेव्हा ती परत करीन.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी