हानबोकला कमरेचे माप नको

मा. संपादक,
स. न.

शेंद्र्याला ह्योसंग या कोरियन कंपनीचा स्पॅन्डेक्सचा कारखाना आला आणि कोरियन कुटुंबे संभाजीनगरात राहू लागली. मोठ्यांचे हानबोक, म्हणजे कोरियाचे पारंपरिक पोशाख, ती कोरियाहून आणतात. लेकरांचे मात्र वर्षात आखूड होतात, मग काम इथल्या शिंप्याकडे येते आणि टेप आधी कमरेला लागतो. चूक तिथेच होते. (कारखान्यात ताणणारा धागा होत असला, तरी या कपड्याला ताण अजिबात चालत नाही.)

बायकांचा घागरा, ‘छिमा’, छातीच्या वर बांधतात. उंची तिथून जमिनीपर्यंत घ्यावी. 110 सेंमी पन्ह्याचे तीन पट्टे जोडून बारीक चुण्या पट्टीत बसवायच्या. मोठ्या बाईला सुमारे 4 मीटर कापड लागते. वरची ‘जोगोरी’ तोकडी, तिला टक घालायचे नाहीत. ब्लाउजसारखी अंगासरशी बसवली की बाहीखालची गोलाई मरते. डावा पल्ला उजव्यावर येतो. बाराबंदी शिवलेल्याला हे अवघड नाही, फक्त इथे दर्शनी बंद दोनच, रुंद, आणि गाठीला फास एकच. गळ्याची पांढरी पट्टी मशीनवर पक्की मारू नये. हाताने सैल टाके घालावेत, म्हणजे मळली की उसवून बदलता येते.

पहिल्या वाढदिवसाला लेकराच्या बाह्या रंगीत पट्ट्यांच्या असतात. उष्टावणाला आपल्याकडे मांडतात तसे दोरा, तांदूळ, पैसे, लेखणी पुढ्यात ठेवतात. काही जण हौसेने हिमरू आणतात. देखणा असतो, पण मागे सुटे धागे असतात आणि त्यात बोटे अडकतात. मऊ सुती अस्तर हवेच. पैठणीचा पदर जोगोरीला वापरणे आम्हाला पटत नाही, जरीच्या भाराने बाही ओघळते. काठ छिमाच्या घेराला लावावा. कोरियातही तिथे सोनेरी छपाई असते.

चुसोकचा सण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पौर्णिमेला, म्हणजे आपल्या उकाड्यात. कोरियात उन्हाळ्याला रॅमी या वनस्पतीच्या तंतूचे विरळ कापड वापरतात. इथे खळ दिलेली मलमल चालते.

लग्नाच्या ऑर्डरीत वधूची आई बहुधा गुलाबी छटेत, वराची आई निळ्या छटेत असते. कापड फाडण्याआधी नाते विचारावे.

आपले,
शिवणकाम करणारे काही कारागीर,
छत्रपती संभाजीनगर